फलकाचा परवाना आणि चढणारा माणूस

आज २८ एप्रिल. कामावर असताना जीव गमावलेल्या आणि जायबंदी झालेल्या कामगारांची आठवण ठेवण्याचा हा दिवस. कॅनडातल्या कामगार संघटनांनी १९८४ मध्ये तो पाळायला सुरुवात केली, हळूहळू तो इतर देशांत गेला, आणि २००३ पासून आंतरराष्ट्रीय श्रम संघटना हाच दिवस कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा जागतिक दिन म्हणून पाळते. महाराष्ट्रात तो फारसा कुणाला ठाऊक नाही. तीन दिवसांनी येणारा १ मे ठाऊक असतो, त्या दिवशी भाषणेही होतात. त्या भाषणांत गिरणी कामगार असतो, खाण कामगार असतो, अलीकडे बांधकाम मजूर आणि घरोघर पार्सल पोचवणारी मुलेही असतात. रस्त्याकडेच्या फलकांवर फ्लेक्स चढवणाऱ्या माणसाचे नाव त्यात कधी येत नाही. आजचा अग्रलेख त्याच्यासाठी आहे.

फलकांचा विषय आपल्याकडे दुर्लक्षित आहे असे म्हणता येणार नाही. १३ मे हा घाटकोपरच्या दुर्घटनेचा दिवस. २०२४ च्या त्या संध्याकाळी वादळी वारा सुटला आणि छेडानगरजवळच्या पेट्रोल पंपावर १२० फूट बाय १२० फुटांचा फलक कोसळला. मुंबई महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची होती. १७ माणसे गेली. त्याच्या आदल्या वर्षी, १७ एप्रिल २०२३ ला, पिंपरी-चिंचवडमधल्या किवळ्यात अवकाळी पावसापासून आडोशाला उभ्या असलेल्या लोकांवर फलक पडला आणि पाच जण दगावले. त्याही आधी, ५ ऑक्टोबर २०१८ ला, पुण्यात जुन्या बाजाराजवळ शाहीर अमर शेख चौकात रेल्वेच्या जागेतला लोखंडी सांगाडा काढण्याचे काम चालू असताना तो चौकातल्या वाहनांवर आडवा झाला. चौघांचा जीव गेला. या घटनांनी शहरे हादरली, आणि हादरायलाच हवी होती. निवृत्त न्यायमूर्ती दिलीप भोसले यांची समिती नेमली गेली, फलकांची मोजमापे घेतली गेली, बेकायदा सांगाडे कापले गेले. आता दरवर्षी मे महिना जवळ आला की महापालिका फलकमालकांकडून स्थैर्य प्रमाणपत्रे मागतात.

त्या प्रमाणपत्रासाठी अभियंता पाया पाहतो, खांब पाहतो, वेल्डिंग, गंज आणि वाऱ्याचा भार पाहतो. लोखंड उभे राहील का, एवढाच प्रश्न त्याला विचारलेला असतो आणि त्याचे उत्तर तो देतो. त्या लोखंडावर माणूस चढणार कसा, पाय कुठे ठेवणार, पट्टा कशाला अडकवणार, हे त्याला कुणी विचारलेलेच नसते. फलकाखाली उभ्या असलेल्या माणसाचा विचार करायला आपल्याला घाटकोपर व्हावे लागले. फलकावर उभ्या असलेल्या माणसाचा विचार अजून सुरू व्हायचा आहे, कारण तो एकेकटा पडतो. सतरा जण एकदम गेले तर मुख्यमंत्री येतात. वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या रात्री एकेक जण गेला तर पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि वर्तमानपत्रात, आमच्याही, आतल्या पानावर चार ओळी येतात.

हे काम कसे चालते ते नीट पाहिले पाहिजे, कारण अपघाताचे मूळ माणसाच्या निष्काळजीपणात शोधण्याची आपल्याला सवय आहे आणि ते बहुधा कामाच्या रचनेत असते.

एके काळी फलक रंगवले जात. चित्रपटांचे भव्य फलक रंगवणारे कलावंत बांबूच्या परांचीवर दिवसचे दिवस काढत. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन तरुणपणी मुंबईत हेच काम करत होते. तेही जोखमीचे काम होते, पण त्याला एक संथ लय होती. परांची बांधायला वेळ दिला जाई, कारण चित्र रंगवायलाच वेळ लागे, आणि एकदा रंगवलेला फलक आठवडेच्या आठवडे राही. फ्लेक्स आला आणि हे गणित उलटे झाले. संगणकावर रचना होते, छापखान्यात दोन तासांत छापून निघते, टेम्पोतून चौकात येते. चढवणे हाच आता सगळ्यांत वेळखाऊ भाग उरला, म्हणून घाई सगळी तिथेच करतात. शिवाय फलक वारंवार बदलता येतो म्हणून तो वारंवार बदलला जातो. जाहिरातदार पंधरवड्यासाठी जागा घेतो. वाढदिवसाचा फ्लेक्स दोन दिवस राहतो. त्याच सांगाड्यावर माणूस पूर्वी वर्षातून जितक्या वेळा चढत असे, त्याच्या कितीतरी पट आज चढतो, आणि दर वेळी नव्याने पडण्याची शक्यता अंगावर घेतो. फ्लेक्समुळे चित्रकारांची रोजी गेली यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. फ्लेक्सने चढणाऱ्यांच्या खेपा वाढवल्या, ही त्याच बदलाची दुसरी बाजू आहे.

टोळी चार-पाच जणांची असते. छोट्या टेम्पोच्या टपावर शिडी बांधलेली, मागे गुंडाळी केलेला फ्लेक्स, दोर, सुतळी, पक्कड, तारा. मजुरी पुष्कळदा चौरस फुटावर किंवा जागेवर ठरलेली, म्हणजे रात्रीत जितक्या जागा होतील तितके पैसे. रात्र अशासाठी की दिवसा रहदारी असते आणि जाहिरातदाराला सकाळी फलक लागलेला हवा असतो. करार बहुधा महिन्याच्या पहिल्या तारखेपासून सुरू होतात, त्यामुळे महिनाअखेरच्या रात्री कामाचा ढीग पडतो. ज्या रात्री माणूस सगळ्यांत थकलेला असतो, त्याच रात्री त्याला सगळ्यांत जास्त शिड्या चढायच्या असतात.

मोठ्या फलकांना, एकखांबी युनिपोलला, निदान स्वतःची लोखंडी शिडी असते. लहान आणि मधले फलक, दुकानांच्या पाट्या, चौकातल्या कमानी, खांबांवरचे बोर्ड या सगळ्यांसाठी माणूस सोबत आणलेली शिडी टेकवून चढतो. शिडीचा एक साधा नियम जगभर शिकवला जातो: चार फूट उंचीमागे पाया एक फूट बाहेर हवा, म्हणजे शिडी जमिनीशी साधारण ७५ अंशांचा कोन करते. वर चढून दुसऱ्या जागी उतरायचे असेल तर शिडीचे टोक त्या जागेच्या तीन फूट वर गेले पाहिजे. चढताना दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात, सतत टेकलेले असले पाहिजेत. आता आपल्या पदपथाकडे पाहा. पेव्हर ब्लॉक उचकटलेले, कडेला गटाराचे झाकण, समोर लावलेल्या दुचाकी. एक फूट बाहेर पाय ठेवायला जागाच नसते, म्हणून शिडी जवळपास उभी लावली जाते आणि माणसाचा तोल मागे जातो. वरचे टोक गोल खांबावर किंवा नुसत्या पट्टीवर टेकलेले असते. आणि तीन ठिकाणी टेकून राहण्याचा नियम या कामात पाळताच येत नाही, कारण फ्लेक्स ताणायला, कडीतून दोरी ओवायला आणि गाठ मारायला दोन्ही हात लागतात. शिडी मुळात चढण्या-उतरण्यासाठी असते. इथे तिच्यावर उभे राहून तासन्‌तास काम केले जाते. त्यातून कोपऱ्यापर्यंत हात पुरत नाही. खाली उतरून, शिडी दोन फूट सरकवून पुन्हा चढायला वेळ जातो, म्हणून माणूस अंग बाहेर काढून वाकतो. शिडी धरून उभा असलेला खालचा साथीदार त्याच वेळी वर दोर देत असतो. अशा क्षणी शिडी बाजूला घसरते.

वाऱ्याचे वेगळेच. अर्धा बांधलेला फ्लेक्स म्हणजे होडीचे शीड. दहा बाय वीस फुटांचा फ्लेक्स साधारण साडेअठरा चौरस मीटरचा होतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा, जो वळवाच्या पावसाआधी सुटणाऱ्या वाऱ्याच्या मानाने सौम्यच म्हणायचा, समोरून लागला तर त्यावर शंभर किलोहून अधिक जोर येतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. चार कोपऱ्यांपैकी दोन बांधून झालेले असताना अशी एक झुळूक आली तर तो सगळा जोर दोरी हाताला गुंडाळून उभ्या असलेल्या माणसावर येतो. आणि एप्रिल-मे हे नेमके वळवाचे महिने आहेत. पावसाळ्याआधी सांगाड्यांवरचा भार कमी करायचा म्हणून फ्लेक्स उतरवण्याचे कामही याच दिवसांत निघते. आम्ही हा विषय आजच घेतला त्याचे हेही एक कारण आहे.

वीस फुटांवरून पडलेला माणूस सव्वा सेकंदाच्या आत जमिनीवर येतो आणि ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास वेगाने आदळतो. चाळीस फुटांवरून हाच वेग पंचावन्नच्या वर जातो. डोक्यावर पडला तर बहुतेक वेळा सगळे तिथेच संपते. पायांवर पडला तर टाचांची हाडे चुरडतात आणि तोच जोर वर सरकत कंबरेच्या मणक्यापर्यंत पोचतो. उंचीवरून पडून टाच मोडलेल्या रुग्णाचा मणकाही तपासायचा, हे अस्थिरोग विभागातल्या शिकाऊ डॉक्टरला सुरुवातीलाच शिकवतात ते यासाठीच. मणका मोडून मज्जारज्जूला इजा झाली तर पंचविशी-तिशीतला माणूस कंबरेखाली कायमचा लुळा होतो. अशा वेळी आजूबाजूचे लोक मदतीच्या भावनेने त्याला उचलून रिक्षात बसवतात आणि उरलेसुरले मज्जातंतूही दुखावतात. १०८ ला फोन करावा, तोवर त्याला हलवू नये, मान आणि पाठ सरळ राहू द्यावी. एवढे प्रत्येक टोळीतल्या प्रत्येकाला माहीत असले पाहिजे. ते सांगायला खर्च येत नाही, आणि तरी ते कुणी सांगत नाही.

विजेचा धोका पडण्याइतकाच मोठा आहे. शिडी ॲल्युमिनियमची, सांगाडा लोखंडाचा, आणि वर ११ हजार व्होल्टची तार. इमारतीपासून अशी तार निदान १.२ मीटर दूर हवी असे वीजसुरक्षेचे नियम सांगतात, पण लांब लोखंडी पट्टी किंवा चौकट उचलणारा हात हे अंतर सहज ओलांडतो. जानेवारी २०२४ मध्ये कर्नाटकातल्या गदग जिल्ह्यात अभिनेता यश यांच्या वाढदिवसाचा कटआउट उभारताना तीन तरुण चाहते विजेच्या धक्क्याने गेले. सप्टेंबर २०२० मध्ये आंध्रातल्या कुप्पम भागात पवन कल्याण यांच्या वाढदिवसाचा फलक लावताना तिघांचा असाच अंत झाला. यश गदगमधल्या त्या तिघांच्या घरांपर्यंत गेले, कुटुंबांना भेटले. त्या बातम्या देशभर वाचल्या गेल्या, कारण मरणारे चाहते होते आणि फलकावर प्रसिद्ध चेहरा होता. रोजंदारीने साबणाची किंवा सदनिकांची जाहिरात बांधताना एखादा गेला तर त्या साबणाचे नाव बातमीत येत नाही. खरे तर त्याच्या मृत्यूशी त्या कंपनीचा संबंध चाहत्याच्या मृत्यूशी असलेल्या अभिनेत्याच्या संबंधापेक्षा कितीतरी जवळचा आहे. चाहता स्वखुशीने चढला होता. या माणसाला पैसे देऊन चढवले होते.

हा संबंध कुणालाच दिसू नये अशी साखळी मधे उभी असते. वस्तू विकणारी कंपनी जाहिरात संस्थेला काम देते. ती संस्था फलकमालकाकडून जागा घेते. फलकमालक चढवण्याचे काम ठेकेदाराला देतो, ठेकेदार मुकादमाला, आणि मुकादम त्या रात्री हाताशी असतील ती माणसे गोळा करतो. सुरक्षेचा खर्च करायची पाळी आली की प्रत्येक कडी खालच्या कडीकडे बोट दाखवते. शेवटच्या कडीकडे देण्यासारखे काहीच नसते.

कायदाही याच साखळीत हरवतो. १९४८ चा कारखाने कायदा कारखान्यापुरता होता, आणि चौक म्हणजे कारखाना नव्हे. १९९६ चा बांधकाम कामगार कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांसाठी होता. त्याच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत शिड्यांचे स्वतंत्र प्रकरण आहे, सुरक्षा पट्ट्यांच्या तरतुदी आहेत. भारतीय मानक संस्थेनेही शिड्यांसाठी १९९१ पासूनची सुरक्षा संहिता आणि पट्ट्यांसाठी वेगळे मानक दिले आहे. म्हणजे शिडी कशी असावी हे या देशात लिहून ठेवलेले आहे. पण उभ्या असलेल्या सांगाड्यावर जाहिरात ताणणे हे बांधकाम आहे का, या प्रश्नावरच गाडी अडते, आणि चार जणांची टोळी दहाच्या मर्यादेत तशीही बसत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातली व्यावसायिक सुरक्षा संहिता प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यायला सांगते, पण तीही साधारणपणे दहा कामगारांपासून सुरू होते. दहाखालच्या टोळीत काम करणाऱ्याचा मणका काही वेगळा नसतो. राज्याला या बाबतीत स्वतःचे नियम करता येतात आणि महाराष्ट्राने ते करावेत, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

बाहेरच्या अनुभवातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ब्रिटनमध्ये २००५ पासून उंचीवरील कामाचे नियम आहेत आणि त्यांत उंचीची किमान मर्यादाच नाही. जिथून पडून इजा होऊ शकते ती प्रत्येक जागा उंचीच समजली जाते. शिडी वापरायची ती धोका कमी आणि काम थोड्या वेळाचे असेल तरच, आणि एका जागी सलग अर्ध्या तासाहून अधिक नको, असे तिथली सुरक्षा यंत्रणा सांगते. तरीही २०२३-२४ या वर्षात तिथे कामावर मेलेल्या १३८ जणांपैकी ५० जण उंचीवरून पडून मेले. एवढ्या नियमांच्या देशात ही स्थिती असेल तर आपली काय असेल, याचा अंदाज वाचकांनी करावा. अंदाजच करावा लागतो, कारण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात उंचीवरून पडून झालेल्या मृत्यूंचा रकाना आहे, पण त्यातला कोण फलकावर होता, कोण आंब्याच्या झाडावर आणि कोण घराच्या गच्चीवर, हे त्यातून कळत नाही.

अमेरिकेतली गोष्ट तर थेट याच धंद्याची आहे. तिथल्या केंद्रीय सुरक्षा यंत्रणेने, ओशाने, १९९१ मध्ये एका मोठ्या फलक कंपनीला आणि १९९३ मध्ये सगळ्या फलक उद्योगाला एक सूट दिली. चढणारा प्रशिक्षित आणि कसलेला असेल तर सांगाड्याच्या स्थिर शिडीवर दोराविना चढायला मुभा मिळाली. रोज चढणाऱ्याला सवय असते, दर पायरीला पट्टा अडकवत बसणे वेळखाऊ आहे, असा त्यामागचा युक्तिवाद. आपल्याकडचे ठेकेदार आज नेमके हेच बोलतात: पोरे तयार आहेत, त्यांना बेल्टची अडचण होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये ओशाने ही सूट मोडीत काढली. २४ फुटांहून उंच स्थिर शिडीवर फलक कामगारालाही पडण्यापासून रोखणारी व्यवस्था मिळालीच पाहिजे, असे ठरले. त्याच नियमांनी आणखी एक गोष्ट मान्य केली. शिडीभोवतीचा लोखंडी पिंजरा माणसाला पडण्यापासून वाचवत नाही. पडताना तो त्या कड्यांवर आपटत खाली येतो, एवढेच. म्हणून १९ नोव्हेंबर २०१८ पासून नव्या उंच शिड्यांना नुसता पिंजरा पुरेसा धरला जात नाही, आणि जुन्या शिड्यांना बदलासाठी १८ नोव्हेंबर २०३६ ही शेवटची मुदत आहे. आपल्या महामार्गांवरच्या युनिपोलांना पिंजरा दिसला की तपासणारा समाधानाने पुढे जातो. ते समाधान आता सोडायला हवे.

सवयीचा मुद्दा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. सवयीने भीती कमी होते, गुरुत्वाकर्षण कमी होत नाही. वीस वर्षे चढणाऱ्याच्याही हाताला घाम येतो, पायरी गंजलेली असते, रात्री डोळ्यांवर झापड येते. कौशल्याचा आम्हाला पूर्ण आदर आहे. ही माणसे जे करतात ते आपल्यापैकी बहुतेकांना जन्मात जमणार नाही. पण त्या कौशल्यावर साऱ्या सुरक्षेचा भार टाकणे म्हणजे धंद्याने आपला खर्च त्याच्या अंगावर टाकणे आहे.

पट्ट्याबद्दलही बरेच गैरसमज आहेत. बाजारात स्वस्तात मिळणारा कंबरपट्टा पडणाऱ्या माणसाला पोटात झटका देतो, त्याने आतले अवयव फाटू शकतात. हवा तो खांदे, छाती आणि मांड्यांना धरणारा पूर्ण हार्नेस, आणि तो अडकवायला भक्कम जागा. अमेरिकी नियमांत एका माणसामागे ही जागा सव्वादोन हजार किलोंच्या आसपास भार पेलणारी लागते. चौकटीची पातळ पट्टी किंवा फ्लेक्स बांधायची तार म्हणजे अशी जागा नव्हे. म्हणून ‘बेल्ट दिला होता’ हे ठेकेदाराचे उत्तर अर्धेच असते. कशाला अडकवायला दिला होता, हे त्याला विचारले पाहिजे. आणि हार्नेसमध्ये लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत खाली घ्यावे लागते, नाहीतर पायांत रक्त साचून तो तसाच दगावू शकतो. त्याला खाली घेणार कोण आणि कसे, हे काम सुरू करण्यापूर्वी ठरलेले हवे.

या सगळ्याचे उत्तर आमच्या मते एकाच जागी आहे, आणि ती जागा म्हणजे फलकाचा परवाना. मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्याच्या ३२८ आणि ३२८ अ या कलमांखाली, इतर महापालिकांत त्यांच्या नियमांखाली, परवान्याशिवाय कायदेशीर फलक उभाच राहू शकत नाही. साखळी कितीही लांब असो, परवानाधारक एकच असतो आणि त्याचा पत्ता महापालिकेकडे असतो. स्थैर्य प्रमाणपत्राच्या अर्जालाच जोडून विचारावे: वर जायला स्थिर शिडी आहे का, तिला जीवनदोर आहे का, फलकाच्या खालच्या आणि वरच्या कडेला उभे राहायला कठड्याची फळी आहे का, हार्नेस अडकवायच्या जागा अभियंत्याने तपासल्या आहेत का, वीजवाहिनी किती अंतरावर आहे. ज्या फलकावर ही सोय करता येत नाही, त्यावरचे काम हायड्रॉलिक शिडीच्या गाडीतूनच व्हावे. पथदिव्यांसाठी अशा गाड्या महापालिका रोज वापरतात, त्यामुळे ही काही परदेशी चैन नाही. फ्लेक्स बदलण्याच्या प्रत्येक कामाआधी कामगारांची नावे आणि विम्याचा क्रमांक ऑनलाइन नोंदवावा. फलकमालक याच कामांचे फोटो तारीख-वेळेसह जाहिरातदाराला पाठवतातच. जाहिरात लागल्याचा पुरावा ठेवणाऱ्या धंद्याला ती कुणी लावली याचा पुरावा ठेवणे जड जाऊ नये.

खर्च वाढेल हे खरे. पण मोठ्या शहरातल्या मोक्याच्या फलकाचे महिन्याचे भाडे लाखांत जाते, त्यातून जीवनदोर निघतो.

बेकायदा फलकांचे काय, असे विचारले जाईल. ते काढणे उच्च न्यायालयाने वारंवार बजावलेले काम आहे. पण काढणाराही माणूसच असतो, हे तो आदेश अमलात आणताना विसरले जाते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की शासकीय इमारतींवरचे फलक २४ तासांत, इतर सार्वजनिक जागांवरचे ४८ तासांत आणि खासगी जागांवरचे नियमबाह्य फलक ७२ तासांत उतरवायचे असतात. जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांच्या निवडणुका झाल्या तेव्हा हे प्रत्येक शहरात घडले. घड्याळ लावून काम करून घेणाऱ्या यंत्रणेने त्या कामगारांच्या डोक्यावर शिरस्त्राण आणि अंगावर हार्नेस आहे का, याचाही अहवाल त्याच ७२ तासांत मागवावा. शाहीर अमर शेख चौकातला सांगाडा काढतानाच कोसळला होता. काढण्याचे काम लावण्याइतकेच, कधी त्याहून जास्त जोखमीचे असते, हे पुण्याने २०१८ मध्ये जीव देऊन शिकले आहे.

उंचीवर चढणाऱ्याची काळजी घेणे महाराष्ट्राला अपरिचितही नाही. दहीहंडीच्या थरांवरून किती वाद झाला ते आठवावे. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने उंची वीस फुटांवर आणली. २०१७ मध्ये ती मर्यादा उठली, पण चौदा वर्षांखालील मुलांना मनाई आणि सुरक्षा साधनांचा आग्रह राहिला. आज राज्य सरकार गोविंदांचा अपघात विमा काढते, मृत्यू झाल्यास दहा लाखांचे संरक्षण देते. हे योग्यच झाले. नारळाच्या झाडावर चढणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळ ‘केरा सुरक्षा’ ही विमा योजना चालवते, तेही योग्य. मग दहीहंडीचा फ्लेक्स ज्याने चौकात बांधला, त्याचाही विमा काढावा असे सरकारला का वाटू नये? तो वर्षातून एकदा चढत नाही. दर रात्री चढतो.

नियम होतील तेव्हा होतील. आज ज्यांच्या घरात असा अपघात घडला आहे किंवा उद्या घडेल, त्यांच्यासाठी काही गोष्टी इथेच सांगितल्या पाहिजेत. कामगाराच्या नुकसानभरपाईचा हक्क १९२३ च्या कायद्यापासून आहे आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो टिकला आहे. त्यासाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, कामामुळे आणि कामावर असताना अपघात झाला एवढे दाखवावे लागते. ज्याच्या नेहमीच्या धंद्याचे काम ठेकेदारामार्फत करून घेतले गेले, त्या मुख्य मालकावरही जबाबदारी येते. म्हणून दावा फक्त मुकादमावर करू नका, फलकमालकाचे नाव घाला. १९२३ च्या कायद्याच्या तक्त्याप्रमाणे, २०२० पासूनची महिना १५ हजारांची मजुरी मर्यादा धरली तर तीस वर्षांच्या कामगाराच्या मृत्यूची भरपाई १५ लाख ५९ हजार ८५० रुपये होते. ठेकेदार अंत्यविधीच्या दिवशी वीस-पंचवीस हजार हातावर ठेवून कागदावर अंगठा मागतो, तेव्हा हा आकडा त्या घरात कुणाला तरी माहीत असला पाहिजे. दाव्याची मुदत दोन वर्षांची असते. पोलिसांच्या पंचनाम्यात तो फलकावरून पडला आणि फलक कुणाचा होता हे लिहून घ्यायला लावा, नुसते ‘शिडीवरून पडून’ एवढ्यावर सही करू नका. मजुरी फोनवरून जमा होत असेल तर ते संदेश पुसू नका. त्याच्या फोनमधले लागलेल्या फलकांचे फोटो, ठेकेदाराने रात्री पाठवलेले जागांचे निरोप, हे सगळे जपून ठेवा. तो त्या रात्री तिथे कामावर होता, हे नियुक्तीपत्राविना सिद्ध करायला तेच उपयोगी पडतील.